मोटारीतील शीघ्र चार्जर : निवडीमागील तत्त्वे

१. प्रयोजन

भाषेच्या क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रणाचे स्थान कोणते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस व अध्यापकांस निराळे सांगावयास नको. सर जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या उत्तरकाळात अनेक भाषांचे व बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरवून घेण्यात आले. त्या काळी या कामासाठी यंत्रे, तबकड्या आणि तंत्रज्ञ असा मोठा सरंजाम जमवावा लागे. पुढे टेपरेकॉर्डर आला, त्यानंतर कॅसेट आली; आणि आज तेच कार्य खिशातील फोन व पिशवीतील टॅबलेट पार पाडतात. मुद्रण, छायाचित्रे, शब्दावली, प्रश्नावली, गावाचा नकाशा आणि निवेदकाची नोंदविलेली संमती ही सर्व एकाच उपकरणात साठविली जात असल्यामुळे बॅटरी उतरली म्हणजे केवळ एक यंत्र बंद पडते असे नव्हे, तर त्या दिवसाचे क्षेत्रकार्यच खंडित होते.

ही हानी पुष्कळदा भरून निघण्यासारखी नसते. अमरावतीहून परतवाडा-सेमाडोहमार्गे धारणीकडे कोरकू भाषकांत काम करण्यास निघालेला गट, किंवा बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहालीच्या उरलेल्या थोड्या भाषकांना भेटावयास जाणारा अभ्यासक घ्या. एखादी वृद्ध निवेदिका ज्या घटकेस जुनी कथा सांगू लागते ती घटका पुन्हा येईलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. गावात वीज असेलच, आणि असली तरी नेमकी त्या वेळी असेल, हेही गृहीत धरता येत नाही. तेव्हा प्रवासाचे तीन-चार तास हाच उपकरणे चार्ज करण्याचा खात्रीचा काळ होय. तो काळ सत्कारणी लागेल की वाया जाईल, हे मोटारीतील एका अंगठ्याएवढ्या वस्तूवर अवलंबून असते.

ती वस्तू निवडताना ग्राहकाच्या हाती येते ते केवळ वेष्टनावरील विशेषणांचे भांडार : ‘फास्ट’, ‘सुपर फास्ट’, ‘टर्बो’, ‘अल्ट्रा’. या शब्दांना निश्चित वाच्यार्थ नाही. तोच शब्द एका वस्तूवर १० वॉटसाठी, तर दुसरीवर ६५ वॉटसाठी योजिलेला आढळतो. निश्चित अर्थ असतो तो त्याच वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या आकड्यांना. ते आकडे वाचावे कसे, आणि त्यांवरून निर्णय करावा कसा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

२. तीन राशी

विद्युत्‌दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह ॲम्पिअरमध्ये, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॉटमध्ये मोजतात. चार्जिंगचा वेग ठरतो तो शक्तीवरून. ५ व्होल्ट व २ ॲम्पिअर म्हणजे १० वॉट; ९ व्होल्ट व ३ ॲम्पिअर म्हणजे २७ वॉट. केवळ ‘३ ॲम्पिअर’ एवढेच छापलेले असेल, तर दाब कळल्याखेरीज त्या आकड्यास काही अर्थ नाही.

बॅटरीची धारणशक्ती सामान्यतः मिलिॲम्पिअर-तासांत छापलेली असते. तिला बॅटरीच्या सरासरी दाबाने गुणिले म्हणजे ऊर्जा वॉट-तासांत मिळते. ५००० मिलिॲम्पिअर-तासांच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची धरल्यास तिची ऊर्जा सुमारे १९ वॉट-तास होते. टॅबलेटची बॅटरी याच्या दीडपट ते दुप्पट असते. चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती १५ टक्के धरली, तर वरील फोन २.५ वॉटच्या जोडणीवर रिकामा असता भरावयास सुमारे ९ तास लागतील, आणि १० वॉटच्या जोडणीवर सव्वादोन तास.

२.५ वॉट हा आकडा काल्पनिक नव्हे. २००० साली आलेल्या यू.एस.बी. २.० या मानकाने संगणकाच्या एका जोडणीतून ५ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर एवढाच प्रवाह देण्याचे ठरविले होते. अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर जी यू.एस.बी. जोडणी बसविलेली असते, ती मुख्यतः गाणी वाजविण्यासाठी व फोनशी माहितीची देवघेव करण्यासाठी असून तिची शक्ती याच्या आसपास किंवा दुप्पट एवढीच असते. नकाशा उघडा ठेवून, पडद्याचा प्रकाश वाढवून चालणारा फोन २ ते ४ वॉट स्वतःच खर्च करितो. म्हणून ‘फोन लावलेला असूनही बॅटरी उतरते’ ही जी तक्रार वारंवार ऐकू येते, तीत फोनचा दोष नसतो. आवक व जावक यांचा तो साधा हिशेब आहे.

३. मोटारीतील विजेचे स्वरूप

मोटारीतील ज्या गोल सॉकेटात चार्जर बसवितात, ते मुळात सिगारेट पेटविण्याच्या लायटरसाठी केलेले होते. सिगारेट गेली, सॉकेट राहिले. अर्थान्तराचा हा एक भौतिक नमुनाच म्हणावयाचा. परंतु मूळ प्रयोजनाच्या खुणा त्यात अद्याप आहेत. उपकरण पकडून ठेवण्याची त्याची पद्धत ओबडधोबड असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर चार्जर हलतो व संपर्क तुटतो. ज्या चार्जरच्या बाजूच्या स्प्रिंगपट्ट्या ताठ आहेत व जो सॉकेटात घट्ट बसतो, तोच घाटरस्त्यावर उपयोगी पडतो. दुकानात तो प्रत्यक्ष बसवून पाहणे यासाठीच इष्ट होय.

या सॉकेटात येणारा दाब नावापुरता १२ व्होल्ट. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरीत असतो, त्या वेळी तो १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. इंजिन सुरू करतेवेळी तो क्षणभर बराच खाली येतो. एस.टी.च्या बसगाड्या व ट्रक यांत ही व्यवस्था २४ व्होल्टची असते. म्हणून ज्या गटाला कधी मोटारीने, कधी मोठ्या वाहनाने जावे लागते, त्याने आवक बाजूस ‘१२–२४ व्होल्ट’ असे छापलेलाच चार्जर घ्यावा. केवळ १२ व्होल्टसाठी केलेला चार्जर २४ व्होल्टवर जळण्याचा संभव असतो.

याहून अधिक धोक्याची गोष्ट म्हणजे दाबाचे क्षणिक उसळणे. अल्टरनेटर बॅटरी भरीत असताना बॅटरीचा संपर्क सैल होऊन तुटला, तर १२ व्होल्टच्या वाहनातही दाब काही क्षण कित्येक पटींनी चढतो. वाहनांच्या विद्युत्‌उपकरणांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा असंरक्षित उसळीच्या चाचणीसाठी ७९ ते १०१ व्होल्ट ही मर्यादा धरलेली आहे. चांगल्या चार्जरमध्ये या उसळीला रोधणारे घटक, आतला फ्यूज, तसेच अतिप्रवाह, लघुपथ व अतितापमान यांपासून संरक्षण ही सर्व असतात. स्वस्तातल्या वस्तूत ती वगळलेली असतात, आणि ती वगळलेली आहेत हे बाहेरून दिसत नाही. किंमतीतील फरकाचे एक मोठे कारण हे आहे.

सॉकेटालाही स्वतःचा फ्यूज असतो. तो बहुधा १० किंवा १५ ॲम्पिअरचा असतो व त्याचा आकडा वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. १० ॲम्पिअरचा फ्यूज म्हणजे १२ व्होल्टवर १२० वॉटची कमाल मर्यादा. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास दोन उपकरणांना मिळून ७० वॉट देण्यासाठी तो सॉकेटातून सुमारे ७८ वॉट, म्हणजे ६.५ ॲम्पिअर घेईल. हे मर्यादेत आहे. पण वेष्टनावर ‘२०० वॉट’ असे छापलेले असेल, तर तेवढ्यासाठी साडेअठरा ॲम्पिअर लागतील, आणि ते १५ ॲम्पिअरच्या फ्यूजलाही पेलणारे नाही. म्हणजे एकतर तो आकडा कधी गाठलाच जाणार नाही, किंवा तो गाठण्याच्या प्रयत्नात फ्यूज उडेल. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. फ्यूज हा तारांच्या रक्षणासाठी असतो, आणि तारा बदललेल्या नसतात.

४. चार्जर व फोन यांचा संवाद

शीघ्र चार्जिंग म्हणजे चार्जरने फोनमध्ये अधिक वीज ढकलणे, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. किती वीज घ्यावयाची हे फोन ठरवितो. चार्जर फक्त काय देऊ शकतो ते सांगतो. या दोघांत प्रत्यक्ष संदेशांची देवाणघेवाण होते, आणि ती इतकी नियमबद्ध असते की भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास तिच्यातील संभाषणाची रचना सहज ओळखू यावी.

यू.एस.बी. पॉवर डिलिव्हरी, संक्षेपाने पी.डी., हे मानक प्रथम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडणीमुळे ते रूढ झाले. टाइप-सी जोडणीत या संवादासाठी एक स्वतंत्र तार राखून ठेवलेली असते. जोडणी होताच पहिले वाक्य चार्जरचे : ‘मजजवळ ५ व्होल्टवर ३ ॲम्पिअर आहेत, ९ व्होल्टवर ३ आहेत, १५ व्होल्टवर ३ आहेत’ अशी यादी तो पाठवितो. फोन त्यांतील एक पर्याय मागतो. चार्जर मागणी मान्य करितो, दाब बदलतो, आणि ‘सिद्ध आहे’ असा संदेश देतो. त्यानंतरच फोन अधिक प्रवाह ओढू लागतो. प्रत्येक संदेशाची पोच दिली जाते. पोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठविला जातो. यादीतील पहिली नोंद नेहमी ५ व्होल्टचीच असावी, असा नियम आहे.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व मोठे आहे. एकमेकांची भाषा न कळणारे चार्जर व फोन एकत्र आले, तरी ५ व्होल्ट हा त्यांचा सामाईक किमान व्यवहार शिल्लक राहतो. उपकरण जळत नाही. ते हळू चार्ज होते एवढेच. म्हणून ‘जास्त वॉटचा चार्जर लावल्यास फोन बिघडेल’ ही भीती, चार्जर मानकाप्रमाणे केलेला असेल तर, निराधार आहे. ४५ वॉटच्या चार्जरला लावलेला २० वॉटचा फोन २० वॉटच घेतो.

पी.डी.च्या तिसऱ्या आवृत्तीत २०१७ पासून पी.पी.एस. ही सोय आली. तीत दाब ठरावीक पायऱ्यांवरच न राहता २० मिलिव्होल्ट एवढ्या सूक्ष्म अंतराने कमीजास्त करता येतो, आणि फोन आपल्या बॅटरीच्या त्या त्या क्षणीच्या स्थितीनुसार तो मागून घेतो. त्यामुळे दाब कमी करण्याचे काम फोनच्या आत कमी उरते व फोन कमी तापतो. २०२१ च्या आवृत्तीने कमाल शक्ती १०० वॉटवरून २४० वॉटवर नेली. परंतु मोटारीतील फोन-टॅबलेटच्या दृष्टीने ती वाढ अप्रस्तुत आहे.

५. प्रमाण पद्धती व घराणी

पी.डी. ही जर प्रमाण भाषा मानली, तर तिच्या भोवती निरनिराळ्या कंपन्यांच्या बोली आहेत. क्वालकॉमची क्विक चार्ज ही पद्धत २०१३ पासून प्रचारात आहे. तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या माहितीच्या दोन तारांवर ठरावीक अल्प दाब ठेवून चार्जरला ९ किंवा १२ व्होल्ट मागतात. चौथ्या आवृत्तीपासून ती पी.डी.शी जुळवून घेण्यात आली. ओपोची वूक ही पद्धत २०१४ मधील. तीत दाब ५ व्होल्टच्या आसपास ठेवून प्रवाह वाढविलेला असतो, आणि त्यासाठी त्याच कंपनीची जाड तारांची केबल लागते. अशा फोनला उत्तम प्रतीचा परकी चार्जर लावला, तरी त्याचा घोषित वेग मिळत नाही. दोघांना समजणाऱ्या एखाद्या संथ पद्धतीवर व्यवहार उतरतो.

ॲपलचे फोन २०१७ मधील आयफोन ८ पासून पी.डी. समजतात, आणि २०२३ मधील आयफोन १५ पासून त्यांची जोडणीही टाइप-सी झाली. सॅमसंगच्या ज्या फोनांवर २५ वॉटचे शीघ्र चार्जिंग सांगितलेले असते, त्यांना तो वेग मिळण्यासाठी चार्जरमध्ये पी.पी.एस. असावे लागते, केवळ ‘पी.डी.’ लिहिलेले पुरत नाही.

प्रमाणीकरणाची दिशा मात्र आता स्पष्ट आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांना व टॅबलेटांना टाइप-सी जोडणी सक्तीची झाली, आणि शीघ्र चार्जिंग असल्यास पी.डी.ही. भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सी जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून स्वीकारले आहे. म्हणून ज्या गटात निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे आहेत, त्याने एखाद्या कंपनीच्या बोलीतच बोलणारा चार्जर न घेता पी.डी. व पी.पी.एस. ही दोन्ही येणारा चार्जर घ्यावा. एकाच कंपनीचा एकच फोन वापरणाऱ्याने त्या कंपनीचा स्वतःचा चार्जर घेण्यास हरकत नाही.

जुन्या चौकोनी टाइप-ए जोडणीत पी.डी.च्या संवादाची तारच नाही. तेव्हा दोन टाइप-ए जोडण्यांच्या चार्जरवर कितीही मोठा आकडा छापलेला असला, तरी पी.डी. समजणाऱ्या फोनला त्यातून पी.डी. मिळणार नाही. निदान एक जोडणी टाइप-सी हवी. दोन्ही असल्यास उत्तम.

६. किती वॉट हवेत?

येथे प्रवासाच्या स्वरूपाचा विचार प्रथम करावयास हवा. तीन-चार तासांच्या अखंड प्रवासात २० वॉटची जोडणी एका फोनला पुरेशी आहे. नकाशासाठी खर्च होणारी शक्ती वजा जाऊनही तो वाटेतच भरतो. २५ किंवा ४५ वॉटचा खरा उपयोग होतो तो गावागावांतील वीस-पंचवीस मिनिटांच्या तुटक प्रवासात. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना वेगाने भरून घेते, आणि ८० टक्क्यांच्या पुढे तिचा वेग आपोआप उतरतो. ॲपलने आपल्या अनेक फोनांसाठी २० वॉटच्या चार्जरवर अर्ध्या तासात सुमारे ५० टक्के, असे प्रमाण दिले आहे. अर्थात तुटक प्रवासात बॅटरी कमी असतानाच फोन लावणे लाभाचे. ९० टक्क्यांवरील फोनला शीघ्र चार्जर व साधा चार्जर यांत फारसा भेद उरत नाही.

टॅबलेटसाठी एक सूक्ष्म गोष्ट पाहावी. काही मोठे टॅबलेट पूर्ण वेग घेताना १५ व्होल्ट मागतात. मोटारीतील १२ व्होल्टवरून ५ किंवा ९ व्होल्ट करावयाचे म्हणजे दाब उतरवावयाचा. १५ किंवा २० व्होल्ट करावयाचे म्हणजे तो चढवावयाचा. चढविणाऱ्या मंडलास अधिक घटक लागतात, म्हणून अनेक स्वस्त चार्जर ९ किंवा १२ व्होल्टवरच थांबतात. यादीत १५ व्होल्ट नसेल, तर असा टॅबलेट ९ व्होल्ट पत्करतो व त्या मानाने हळू भरतो.

दुसरी गोष्ट एकूण शक्तीच्या वाटणीची. ‘३८ वॉट’ असे ठळक छापलेल्या चार्जरमध्ये बहुधा एक जोडणी २० वॉटची व दुसरी १८ वॉटची असते. एकाच उपकरणाला ३८ वॉट कधीच मिळत नाहीत. याउलट काही चार्जर एकट्या उपकरणाला ४५ वॉट देतात, पण दुसरे लावताच पहिल्याचा वाटा उतरवितात. त्या क्षणी दोन्ही जोडण्यांवर संवाद नव्याने सुरू होत असल्यामुळे चार्जिंग काही क्षण तुटलेले दिसते. तो बिघाड नव्हे. ठळक आकडा सोडून प्रत्येक जोडणीचा पृथक् आकडा आणि दोन्ही वापरात असतानाचा आकडा, हे दोन्ही पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. एक फोन व एक टॅबलेट नेणाऱ्या गटास एका जोडणीवर ३० ते ४५ वॉट व दुसरीवर त्याच वेळी २० ते २५ वॉट, एवढे पुरेसे आहे.

७. केबल

उत्तम चार्जर घेऊन त्यास जुनी बारीक केबल जोडणे ही सर्वांत सामान्य चूक होय. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलमध्ये जाणारी व येणारी मिळून तो सुमारे ०.४३ ओहम होतो. ५ व्होल्टवर २ ॲम्पिअर वाहताना या केबलमध्येच ०.८५ व्होल्ट खर्च होतात, आणि १० वॉटपैकी १.७ वॉट केबल तापविण्यात जातात. गेजचा आकडा जसा लहान तशी तार जाड : २४ गेजच्या तारेत ही हानी ०.७ वॉटच्या आसपास उतरते.

तीच शक्ती ९ व्होल्टवर नेली तर प्रवाह १.१ ॲम्पिअर एवढाच लागतो, आणि २८ गेजच्या केबलमधील हानी अर्ध्या वॉटवर येते; कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शीघ्र चार्जिंगमध्ये दाब वाढविण्याचे रहस्य हेच. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत्‌केंद्रातून मुंबईस वीज आणताना जे तत्त्व अनुसरले गेले, तेच येथे एका हाताच्या अंतरावर अनुसरले जाते.

टाइप-सी केबल साधी असेल तर तिची मर्यादा ३ ॲम्पिअरची. ५ ॲम्पिअर नेणाऱ्या केबलमध्ये एक लहान चिप असते. चार्जर तिला प्रथम विचारतो, आणि तिने ग्वाही दिली तरच ३ ॲम्पिअरच्या वर जातो. म्हणून काही ४५ वॉटच्या फोनांना ५ ॲम्पिअरची केबल नसेल तर ४५ वॉट मिळत नाहीत. मोटारीसाठी एक मीटरहून लांब केबल घेऊ नये. मागच्या आसनावरील व्यक्तीसाठी लांब केबल हवीच असेल, तर ती जाड तारांची असावी.

८. उष्णता

लिथियम-आयन बॅटरीचा शत्रू वेग नव्हे, उष्णता होय. ४५ अंश सेल्सिअसच्या वर ती चार्ज करणे तिच्या आयुष्यास घातक ठरते. म्हणून फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करितो किंवा चार्जिंग थांबवितो. वैशाख-ज्येष्ठात विदर्भातील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत एका तासात ते बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढते. अशा मोटारीत डॅशबोर्डवर, काचेखाली ठेवलेल्या फोनला १०० वॉटचा चार्जरही काही देऊ शकत नाही. फोन सावलीत, शक्य तर वातानुकूलनाच्या झोतासमोर ठेवणे हा अधिक वॉट विकत घेण्यापेक्षा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. बिनतारी चार्जिंगचे धारक सोयीचे असले, तरी त्यांत ऊर्जेची हानी अधिक व ती हानी थेट फोनच्या पाठीवर उष्णतेच्या रूपाने होते. उन्हाळ्यातील क्षेत्रकार्यास ते योग्य नव्हेत.

मुक्कामास पोहोचल्यावर चार्जर सॉकेटातून काढून ठेवावा. काही वाहनांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहते, आणि चार्जर रिकामा असतानाही थोडा प्रवाह घेत राहतो. एका रात्रीत त्याने काही बिघडत नाही. पण जुनी बॅटरी असलेले वाहन आठवडाभर उभे राहिले, तर सकाळी ते सुरू न होण्याची पाळी येऊ शकते. तसेच इंजिन सुरू झाल्यानंतरच उपकरणे लावावीत, म्हणजे सुरुवातीच्या दाबाच्या चढउतारातून ती सुटतात.

९. चार्जिंग आणि मुद्रण

ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने एका मुद्द्याचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. मोटारीतील चार्जर दाब बदलतो तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. या क्रियेतून विद्युत्‌चुंबकीय गोंगाट निर्माण होतो. चांगल्या चार्जरमध्ये तो गाळण्याची व्यवस्था असते. हलक्या चार्जरमुळे मोटारीतील रेडिओही खरखरू लागतो. रेडिओची ही खरखर चार्जरच्या प्रतीची एक सोपी व फुकटची चाचणी होय : चार्जर लावून व काढून एखादे दुबळे एफ.एम. केंद्र ऐकावे.

फोनला तारेचा मायक्रोफोन लावून मुद्रण चालू असता फोन चार्जिंगवर असेल, तर हाच गोंगाट मुद्रणात उतरू शकतो. ऐकताना तो कदाचित जाणवणार नाही. पण पुढे वर्णपटलेख काढताना ऊष्म वर्णांच्या व क्षीण महाप्राणत्वाच्या विश्लेषणात तो आडवा येतो. असे मुद्रण पुन्हा करणे पुष्कळदा शक्य नसते. यास्तव क्षेत्रकार्यात नियम असा असावा : प्रवासात चार्जिंग, मुक्कामी मुद्रण; आणि मुद्रण चालू असताना चार्जरची केबल काढलेली. शीघ्र चार्जरची खरी उपयुक्तता हीच की तो हा नियम पाळणे शक्य करितो.

१०. वेष्टनाचे वाचन

वरील विवेचनाच्या आधारे वेष्टनाच्या मागील मजकूर आता वाचता येईल. समजा, त्यावर असे छापले आहे : ‘आवक १२–२४ व्होल्ट, सी : ५ व्होल्ट ३ ॲम्पिअर, ९ व्होल्ट २.२२ ॲम्पिअर, १२ व्होल्ट १.६७ ॲम्पिअर’. गुणाकार केल्यास अनुक्रमे १५, २० व २० वॉट येतात. म्हणजे ही २० वॉटची पी.डी. जोडणी असून ती मोटारीत व बसमध्येही चालेल. एका फोनला पुरेशी आहे. मात्र १५ व्होल्ट नसल्यामुळे मोठ्या टॅबलेटला अपुरी, आणि पी.पी.एस.चा उल्लेख नसल्यामुळे २५ वॉटच्या सॅमसंग फोनला पूर्ण वेग देणार नाही. ‘पी.पी.एस. : ३.३–११ व्होल्ट, ३ ॲम्पिअर’ अशी ओळ असती, तर हा शेवटचा आक्षेप उरला नसता.

ज्या वेष्टनावर दाब व प्रवाह यांच्या अशा जोड्या नाहीतच, केवळ विशेषणे व एक ठळक आकडा आहे, ती वस्तू घेऊ नये. ज्याने आकडे छापले नाहीत त्याने आपले विधान तपासण्याची सोयच ठेवलेली नाही. भाषेच्या अभ्यासकाला हा निकष नवा नाही. पुराव्याखेरीजच्या विधानाला तो ज्या न्यायाने बाजूस सारतो, तोच न्याय येथेही लावावयाचा आहे.

सारांश, निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम वाहन व त्याचा फ्यूज. नंतर उपकरणे कोणती पद्धत समजतात ते. नंतर प्रवासाच्या स्वरूपानुसार प्रत्येक जोडणीचे वॉट. नंतर त्यास साजेशी केबल. आणि अखेरीस सॉकेटात घट्ट बसणे, उष्णता व गोंगाट यांची प्रत्यक्ष परीक्षा. विभागाच्या खर्चाने घेतलेला एक चांगला चार्जर व दोन चांगल्या केबली यांची किंमत एका फुकट गेलेल्या क्षेत्रभेटीच्या प्रवासखर्चाहून कमीच भरेल. आणि त्या भेटीत जी कथा मुद्रित व्हावयाची राहून गेली, तिची किंमत कोणत्याच हिशेबात मांडता येण्यासारखी नाही.